मिलिंगच्या व्हाइसचं हँडल अर्धा फेरा मोकळं फिरतं, हा बॅकलॅश कसा काढायचा?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) सोडताना हँडल जवळजवळ अर्धा फेरा नुसतंच फिरतं आणि मग सरकता जॉ, म्हणजे त्याचा हलणारा जबडा, हलतो, ही एक. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, काटकोनात येत नाही, ही दुसरी. पहिलीमुळे दुसरी होते असं तुम्ही धरून चालला आहात. मीही एके काळी तसंच धरलं होतं, आणि त्यात एक चांगला नट फुकट बदलला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हाइसच्या स्क्रूवर जोर एकाच बाजूने येतो. जॉब आवळला की आट्यांची एक बाजू नटावर दाबून बसते आणि सगळी मोकळीक दुसऱ्या बाजूला जाते. व्हाइस घट्ट आहे तोवर ती मोकळीक कामात येतच नाही. मशीनच्या टेबलाच्या स्क्रूची गोष्ट वेगळी. तिथे क्लाइंब मिलिंग (कटरचे दाते फिरतात त्याच दिशेने जॉब सरकवून कापणं) करताना कटर टेबलाला त्या मोकळिकीएवढा एकदम ओढून घेतो, जॉब खराब होतो, कटरही तुटतो. ती भीती रास्त आहे, पण ती टेबलाची आहे, व्हाइसची नाही.

तरीही अर्धा फेरा जास्तच आहे. आट्याचा दाता साधारण अर्ध्या पिचइतका जाड असतो (पिच म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर). 5 मिमी पिच असेल तर अडीच मिमी. नुसत्या झिजेने अर्धा फेरा मोकळा व्हायचा तर नटाला दाते जवळजवळ उरलेच नसते आणि व्हाइसने जॉब धरलाच नसता. तुमचा तर धरतोय. म्हणजे बरीचशी मोकळीक आट्यांत नाही, दुसरीकडे आहे.

ती शोधायला डायल गेजही (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लागत नाही. स्क्रू जिथे व्हाइसच्या बॉडीतून बाहेर येतो तिथे बोटाचं टोक असं ठेवा की अर्धं बॉडीवर आणि अर्धं स्क्रूच्या कॉलरवर (स्क्रूला बॉडीत धरणाऱ्या कड्यावर) येईल. दुसऱ्या हाताने हँडल धरून स्क्रू पुढे-मागे ओढा. बोटाखाली पायरी वर-खाली झाल्यासारखी लागली तर स्क्रूच बॉडीत सरकतोय. कॉलर सैल झालीय, किंवा तिचा वॉशर झिजलाय. कॉलर नीट बसवा, गरज पडली तर पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला, पण हँडल जड होईल इतकी आवळू नका. तिथे काही हललं नाही, तर नट आणि जॉ यांच्यातला सांधा बघा. अँगल-लॉक प्रकारच्या व्हाइसमध्ये नटाचा तिरपा भाग एका अर्धगोल तुकड्याला दाबतो आणि जॉ पुढे जाताना खालीही ओढला जातो. या सांध्यातली फट जॉच्या मागच्या ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) कमी करता येते. तो टेकेपर्यंत आवळायचा आणि किंचित मागे घ्यायचा. पूर्ण आवळला तर जॉ अडकत सरकतो. जॉ उचललाच आहे तर तो अर्धगोल तुकडा जागेवर आणि सुलटा आहे ना ते बघा, आणि त्याला ग्रीस लावा. साफसफाईनंतर तो उलटा बसलेला मी पाहिलाय.

आता काटकोन. माझ्या त्या व्हाइसला नवा ब्राँझचा नट बसवल्यावर हँडल सुरेख फिरायला लागलं, आणि 40 मिमीच्या ब्लॉकमध्ये काटकोनातला 0.05 मिमीचा फरक जसाच्या तसा राहिला. शेवटी दोन्ही पॅरललवर (जॉबखाली ठेवायच्या एकसारख्या उंचीच्या पट्ट्यांवर) पातळ कागदाची एकेक पट्टी टाकून ब्लॉक आवळला. स्थिर जॉकडची पट्टी ओढून फाटली, पण सुटली नाही. सरकत्या जॉकडची अलगद हातात आली. जॉ आवळताना वर उचलला जात होता आणि जॉबची ती बाजू सोबत नेत होता. जोर लागतो वर, स्क्रू ओढतो खाली, त्यामुळे जॉला उलथण्याची ओढ असतेच; तिला धरून ठेवते जॉखालची पट्टी. ती खोलली तर एका कडेला बारीक चिप्स दगडासारख्या घट्ट बसल्या होत्या आणि पट्टी टेकतच नव्हती. चिप्स खरवडल्या, ऑइलस्टोनने बर (कडेवरची धारदार कोर) काढली, पट्टी परत आवळली. फरक 0.01 वर आला.

तुम्ही आधी ही कागदाची परीक्षा घ्या. डायल गेज असेल तर सरकत्या जॉच्या माथ्यावर लावून व्हाइस आवळा, काटा 0.02 मिमीपेक्षा जास्त हलला तर दोष तिथे आहे. तोवर काम अडलं असेल तर सरकता जॉ आणि जॉब यांच्यामध्ये, जॉबच्या साधारण मध्यउंचीवर, एक गोल सळई आडवी धरा. मग जॉ थोडा कलला तरी जॉब स्थिर जॉला सपाट बसतो, आणि काटकोन तिथूनच यायला हवा.

नट बदलायची खरी वेळ वेगळीच. ब्राँझचा नट असेल आणि स्क्रूवरच्या ग्रीसमध्ये पिवळी चमकदार पूड दिसली, किंवा आवळताना हँडल एकदम निसटल्यासारखं वाटलं, तर त्या व्हाइसवर आणखी एकही जॉब लावू नका. आधी नट काढून बघा.