उतरताना लक्षात राहिलेले विमानतळ

आपला प्रश्न असा आहे की, आपण इंदूरहून आईवडिलांना प्रथमच विमानाने कोठेतरी नेणार आहात आणि जेथे विमान उतरणे हाच प्रवासातील पाहण्याजोगा भाग ठरेल असा विमानतळ कोणता, हे आपल्याला स्वतः तेथे उतरलेल्या माणसाकडून ऐकायचे आहे. एका शब्दात उत्तर हवे असेल तर ते ‘लेह’ असे आहे. परंतु या निर्णयापर्यंत मी कसा आलो हे सांगितल्यावाचून ते उत्तर आपल्या उपयोगी पडणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी वैमानिक नाही. औषधांच्या कारखान्यांत गोळ्यांच्या पट्ट्या भरणारी यंत्रे बसवून देण्याचे काम मी ३१ वर्षे केले आणि त्या निमित्ताने इंदूरच्या रामबागेतील घरातून पहाटे रिक्षा करून विमानतळ गाठणे हा आमच्याकडचा नित्यक्रमच होऊन बसला होता. एवढ्या प्रवासांत मी एक हट्ट मात्र सोडला नाही. जागा खिडकीचीच घ्यायची आणि तीही शक्यतो पंखाच्या मागची, कारण तेथून पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप नावाचे हलते पट्टे टप्प्याटप्प्याने खाली सरकताना दिसतात आणि आता उतरण्याची खरी तयारी सुरू झाली, हे कोणी न सांगता कळते.

बहुतेक ठिकाणचे उतरणे सारखेच असते. धावपट्टीच्या सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटर आधीच येऊन, साधारण ३ अंशांच्या उताराने, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५० मीटर या हिशेबाने खाली येत विमान टेकते आणि प्रवासी मोबाइल सुरू करण्याच्या खटपटीला लागतात. जेथे डोंगर, समुद्र किंवा शहर ही सरळ रेषा मिळू देत नाही, तेथे वैमानिकाला जमिनीच्या कलाने घ्यावे लागते, आणि माझ्या लक्षात राहिलेले सगळे विमानतळ या दुसऱ्या प्रकारचे आहेत. इमारतींचे म्हणाल तर त्यांतील एकही मला आता आठवत नाही. (‘जगातील सर्वांत धोकादायक विमानतळ’ अशा याद्या जागोजागी आढळतात, त्या आईवडिलांना निघण्यापूर्वी दाखवू नयेत.)

हाँगकाँगचा काई टाक विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला, त्यामुळे तो आपल्याला सुचवण्यात काही अर्थ नाही. तरीही त्याला वगळून या विषयावर लिहिणे मला जमणार नाही. १९९६ मध्ये एका यंत्राचे प्रशिक्षण घेण्यासाठी मी तेथे गेलो होतो. धावपट्टी समुद्रात भराव घालून तयार केलेली, तिच्या जमिनीकडील टोकाशी काउलूनची दाट वस्ती आणि वस्तीच्या मागे डोंगर, अशी तेथील रचना होती. वस्तीच्या बाजूने उतरायचे असले की विमान प्रथम धावपट्टीकडे येतच नसे. ते एका टेकडीच्या रोखाने येत असे. त्या टेकडीवर बुद्धिबळाच्या पटासारखे मोठे रंगीत आणि पांढरे चौकोन रंगवलेले होते. ते नीट दिसले की वैमानिक यंत्रांच्या मार्गदर्शनावरून नजर काढून उजवीकडे सुमारे ४७ अंशांचे वळण स्वतःच्या हाताने घेत असे, आणि ते वळण पुरे होईपर्यंत विमान जमिनीपासून जेमतेम दीडशे-दोनशे फुटांवर आलेले असे. मी नेमका उजव्या बाजूला बसलो होतो. पंख खाली झुकला आणि खिडकीत आकाशाच्या जागी गच्च्या दिसू लागल्या. गच्च्यांवर अँटेनांचे जंगल होते, बांबूंवर कपडे वाळत होते, आणि एका गच्चीवर बनियन घातलेले एक गृहस्थ कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

डोळ्यांवर विसंबून उतरण्यात कधी फसगतही होते. २४ सप्टेंबर १९७२ रोजी एक जपानी प्रवासी विमान मुंबईत सांताक्रूझच्या मुख्य विमानतळाऐवजी जवळच्याच जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि तिच्या टोकापलीकडे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्यापूर्वी १९५३ मध्ये एका ब्रिटिश कॉमेट विमानाकडूनही जुहूलाच हीच चूक झाली होती. मुंबईवर असताना खिडकीतून जुहूची धावपट्टी दिसली की, चुकणाऱ्या वैमानिकांना फारसा दोष द्यावासा मला वाटत नाही.

नेपाळमधील लुकला येथे मी २०१७ मध्ये तीन मित्रांसह गेलो, तोही पहिल्या प्रयत्नात नव्हे. सलग दोन दिवस काठमांडूच्या विमानतळावर पहाटे पाचपासून बसून राहिल्यावर दुपारी ‘ढग आहेत, उद्या या’ असे सांगण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी आमची पाळी आली. विमान लहान, दोन पंख्यांचे. बसताच कानांत घालायला कापूस आणि तोंडात टाकायला गोळी मिळाली. कॉकपिटला दार नव्हते, त्यामुळे दुसऱ्या रांगेतून मला वैमानिकांच्या खांद्यांवरून थेट समोरचे दिसत होते. सुमारे अर्धा तास डोंगरांच्या कुशीतून गेल्यावर समोरच्या उतारावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाटीसारखे काही तरी दिसले. ती धावपट्टी होती.

तिची लांबी ५२७ मीटर आहे आणि चढ जवळजवळ १२ टक्के, म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकांत सुमारे ६० मीटरचा, वीस मजली इमारतीएवढा फरक आहे. खालच्या टोकाला दरी आणि वरच्या टोकाला दगडी भिंत व तिच्यामागे डोंगर असल्याने तेथे उतरणे नेहमी चढावर आणि उड्डाण नेहमी उतारावर होते. चढ ब्रेकला मदत करतो, तर उतार वेग धरायला. शेवटच्या टप्प्यात एकदा आत शिरल्यावर विचार बदलून पुन्हा वर जाण्यास जागाच उरत नाही. चाके टेकताच विमान टेकडी चढणाऱ्या गाडीसारखे वर धावले, भिंत मोठी मोठी होत गेली आणि मग वैमानिकाने उजवीकडे वळून ते एका चिमुकल्या फरसबंदीवर उभे केले. आमच्यापैकी एकाने टाळ्या वाजवल्या. मला हात मोकळे करायला थोडा वेळ लागला, कारण पुढच्या आसनाची दांडी मी घट्ट धरून ठेवली होती.

ही धावपट्टी १९६४ मध्ये एडमंड हिलरी यांच्या देखरेखीखाली झाली. एव्हरेस्टच्या परिसरातील खुंबू भागात शाळा आणि रुग्णालय उभारण्यासाठी त्यांना सामान आणायचे होते, परंतु सपाट शेतजमीन देण्यास शेतकरी राजी नव्हते, म्हणून ही उताराची जमीन पदरात पडली. माती घट्ट बसवण्यासाठी रोलर नव्हता, तेव्हा शेर्पांना त्यांचा पाय आपटण्याचा नाच त्या मातीवर करायला लावला गेला. डांबर पडले ते २००१ मध्ये. तेथून परत आल्यावर मी घरी पहिल्यांदा हीच हकीकत सांगितली आणि आईने विचारले, “म्हणजे तुम्ही सारवलेल्या अंगणात उतरलात म्हणायचे?” एवढे सगळे सांगूनही आपल्या आईवडिलांसाठी मी लुकला सुचवणार नाही, कारण उतरल्यावर तेथे चालण्यावाचून दुसरे काही करता येत नाही.

टेबलटॉप विमानतळांविषयी थोडक्यात लिहितो. डोंगराचा माथा सपाट करून काढलेली धावपट्टी आणि टोकांशी खोल उतार, असे त्यांचे स्वरूप असते. कामानिमित्त मी मंगळूरला अनेकदा उतरलो आहे. पावसाळ्यात हिरव्या टेकड्यांमधून तो लाल मातीचा माथा अचानक समोर येतो तेव्हा ते दृश्य फार सुंदर दिसते. परंतु २२ मे २०१० रोजी तेथे धावपट्टीपलीकडे गेलेल्या विमानातील १५८ माणसे मृत्युमुखी पडली आणि केवळ ८ वाचली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडच्या तशाच विमानतळावर, पावसात आणि पाठीमागून वारा असताना, विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले आणि टोकावरून खाली गेले; त्यात २१ जण गेले आणि त्यांत वैमानिक कॅप्टन दीपक साठे हेही होते. त्यानंतर मंगळूरला उतरताना मी खिडकीबाहेर पाहिले, पण पूर्वीच्या कौतुकाने नव्हे.

लक्षद्वीपमधील अगत्ती याच्या अगदी उलट. लांबट, चिंचोळ्या बेटाच्या एका टोकाला सुमारे १२०० मीटरची धावपट्टी आणि दोन्ही बाजूंना पाणी, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत खाली समुद्रच दिसत राहतो. पाण्याचा रंग गडद निळ्यापासून फिकट हिरव्यापर्यंत बदलतो, तळाची वाळू दिसू लागते आणि चाके टेकल्यावरच जमीन असल्याची खात्री पटते. येथे डावीकडे बसा की उजवीकडे, फरक पडत नाही. लक्षद्वीपसाठी आधी परवाना काढावा लागतो, एवढीच अडचण.

आता लेह. समुद्रसपाटीपासून ३२५६ मीटर उंचीवरील या धावपट्टीवर पहिले विमान २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी उतरवले. ते डाकोटा जातीचे दोन पंख्यांचे वाहतूक विमान होते, त्यात जनरल थिमय्या बसलेले होते आणि हाती धड नकाशेही नव्हते. दिल्लीहून निघाल्यावर तासाभरात बर्फाच्या रांगा खाली येतात. पण पाहण्यासारखा भाग शेवटच्या दहा मिनिटांचा आहे. विमान सिंधूच्या खोऱ्यात शिरते आणि ज्या डोंगरांकडे आपण वरून पाहत होतो, ते खिडकीच्या वर जातात. बर्फ संपून तपकिरी, जांभळट, एकही झाड नसलेले उतार दोन्ही बाजूंनी जवळ येतात, मध्येच नदीकाठच्या हिरव्या शेतांचे तुकडे दिसतात आणि टेकडीवरच्या स्पितुक मठाच्या अंगानेच विमान जमिनीवर येते. २०१८ मध्ये माझ्या शेजारी बसलेली पत्नी, जी एरवी विमान सुटताच डोळे मिटते, तिने मला मागे सारून खिडकीचा ताबा घेतला.

तेथे चाके टेकल्यावर विमान नेहमीपेक्षा जास्त वेगात धावते आहे असे वाटते, आणि तो भास नसतो. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे ७२ टक्केच असते. पंखांना तोच आधार मिळण्यासाठी विमानाला पातळ हवेतून अधिक वेगाने जावे लागते. कॉकपिटमधील वेगमापक नेहमीचाच आकडा दाखवतो, परंतु जमिनीच्या संदर्भातला खरा वेग सुमारे सहाव्या हिश्शाने जास्त असतो. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते आणि दुपारी खोऱ्यात वारे सुटतात, म्हणून तेथील प्रवासी विमाने मुख्यतः सकाळीच येऊन जातात. लेहच्याही पलीकडे ५०६५ मीटरवरील दौलत बेग ओल्डी या लष्करी धावपट्टीवर १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी विमान उतरवले होते. ते ठिकाण आपल्यासारख्यांसाठी नाही, पण लेहला उतरताना हे नाव आठवावे असे मला वाटते.

आपण इंदूरचेच आहात म्हणून घरच्या विमानतळाविषयीही लिहितो, कारण त्याला साधा समजण्याची चूक मी बरीच वर्षे केली. बिजासनची ही जागा होळकर संस्थानाने १९३५ मध्ये निवडली, ती टाटांकडील नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने. १९३२ मध्ये टाटांची पहिली टपाल घेऊन मुंबईहून मद्रासपर्यंत उडालेले वैमानिक ते हेच. लहानपणी नवरात्रात बिजासनच्या टेकडीवर गेलो की देवीचे दर्शन झाल्यावर वडील आम्हाला विमान येईपर्यंत थांबू देत असत. पुढे मुंबईहून परतताना टेकडीऐवजी खिडकीतून पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सातपुडा ओलांडून निमाडातील नर्मदा दिसते तेव्हा खालची जमीन समुद्रसपाटीपासून दीड-पावणेदोनशे मीटरवर असते. मग विंध्याचा कडा येतो आणि माळव्याचे पठार एकदम साडेपाचशे मीटरच्या पुढे जाते. विमान खाली जाते आहे आणि जमीन वर येते आहे, असे दोन्ही एकाच वेळी घडते, आणि काळ्या मातीची शेते अपेक्षेपेक्षा लवकर जवळ येतात. आईवडिलांना पुढे कधी मुंबईला नेलेत तर परतीच्या दिवसाच्या विमानात त्यांना हे अवश्य दाखवावे.

लेहचे ठरवलेत तर दिल्लीहून सर्वांत पहाटेचे विमान निवडावे, कारण हवामानामुळे पहिले विमान थांबले तरी त्या दिवशी आणखी एखादी संधी उरते. इंदूरहून आदल्या दिवशीच दिल्लीला मुक्कामाला जावे आणि परतीच्या वेळीही लेहचे विमान व दिल्ली-इंदूर विमान एकाच दिवशी ठेवू नये. इतक्या उंचीवर अचानक पोहोचल्याने डोके दुखते व दम लागतो, म्हणून आईवडिलांची प्रकृती निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यावी आणि पहिले दोन दिवस हॉटेलातच विश्रांतीत काढावेत. तिघांची आसने एका रांगेत न घेता एकामागे एक अशा तीन खिडक्यांशी घ्यावीत. बोलणे थोडे कमी होईल, पण दहा मिनिटांसाठी कोणाला कोणाच्या खांद्यावरून वाकून पाहावे लागणार नाही.