परदेशी विद्यापीठासोबतची संयुक्त पदवी घ्यावी, की सरळ परदेशातच जावं? भारतात अशी पदवी चालते का?

"घरचे म्हणतात, अशी पदवी ना धड इथली ना तिथली" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझ्या मामांनी मला भरल्या पंगतीत ऐकवलं होतं.

मी आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ यांची संयुक्त पीएचडी केली आहे. दोघांनी मिळून 2008 मध्ये पवईत संशोधन अकादमी सुरू केली, तिथून. गाइड दोन, एक इथले, एक तिथल्या. प्रबंध एकच, पदवी दोन्ही संस्थांची. बराचसा काळ पवईत, मधला काही मेलबर्नला. मामांचं म्हणणं, "पवईतच राहायचं तर मोनॅश कशाला? आणि मोनॅशच हवं तर विमानात बस. दोन डगरींवर पाय ठेवणारा मधल्या मधे पडतो."

माझा विषय पाणी गाळायच्या मेम्ब्रेनचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याचा. पवईचे सर प्रयोगाचे पक्के, मेलबर्नच्या मॅडम मॉडेलिंगच्या, म्हणजे गणिताने आधीच अंदाज बांधण्याच्या. एका प्रकरणाचा मसुदा दोघांना पाठवला. परत आला तेव्हा मेम्ब्रेन कुठल्या दाबाला चोंदेल याचा मॉडेलचा अंदाज सांगणाऱ्या एकाच परिच्छेदाशेजारी दोन कॉमेंट होत्या. सरांची, "डेटा नाही, काढून टाक." मॅडमची, "हाच तुझ्या कामाचा गाभा आहे, वाढव." मामा पाहत असते तर म्हणाले असते, बघ, पडलीस ना!

मी परिच्छेद काढलाही नाही आणि वाढवलाही नाही. मॅडमच्या मॉडेलने जे दाब सांगितले होते, त्याच दाबांवर सरांच्या प्रयोगशाळेत मेम्ब्रेन चालवून पाहिलं. मॉडेल चोंदण्याचा वेग कमी दाखवत होतं, पण चोंदायला सुरुवात कुठल्या दाबाला होते ते त्याने अचूक सांगितलं होतं. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. त्यामुळे आमच्या मीटिंगा इथल्या सकाळी, तिथल्या दुपारी. त्या मीटिंगला ग्राफ स्क्रीनवर टाकला. दोघंही बराच वेळ ग्राफच बघत होते. मग सर म्हणाले, "परिच्छेद राहू दे, खाली हा ग्राफ टाक." मॅडम लगेच म्हणाल्या, वेग का चुकला ते आता आपण शोधू. त्या चुकलेल्या वेगावरच पुढचं अख्खं प्रकरण उभं राहिलं. एकाच गाइडच्या हाताखाली हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. दोन जाणकारांसमोर आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायची सवय मला तिथे लागली आणि आज नोकरीत तीच कामी येते.

आता तुमचा प्रश्न. भारतात चालते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत संयुक्त पदवीसाठी दोन्ही संस्थांत प्रत्येकी किमान 30 टक्के क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) घ्यावे लागतात, आणि त्या नियमांत बसणाऱ्या पदवीला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र (ती भारतीय पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला) लागत नाही. सरळ परदेशात जायचं का, हे पैशावर आणि विषयावर ठरेल. ते तुम्हालाच बघावं लागेल.

पण कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकावर परदेशी विद्यापीठाचा लोगो दिसला म्हणून फी भरू नका. भारतीय संस्थेला नॅकचे (संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचे) 4 पैकी किमान 3.01 गुण हवेत, किंवा ती एनआयआरएफच्या (सरकारी राष्ट्रीय क्रमवारीच्या) विद्यापीठांच्या यादीत पहिल्या 100 मध्ये हवी, नाहीतर सरकारने 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' (विशेष दर्जाची संस्था) ठरवलेली हवी. परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या 1000 मध्ये हवी. ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत, आणि फ्रँचायझी पद्धतीला (परदेशी विद्यापीठाचं नाव वापरून इथल्या कॉलेजने अभ्यासक्रम चालवायचा) तर परवानगीच नाही. ट्विनिंग (अभ्यासाचा काही भाग परदेशी संस्थेत करायचा) असेल तर पदवी फक्त भारतीय संस्थेची मिळते, हेही आधीच विचारून घ्या. पीएचडी असेल तर दोन्ही गाइडशी प्रवेशाआधी बोला. त्यांनी याआधी एकत्र पेपर लिहिलाय का, ते बघा. एकमेकांना न ओळखणारे गाइड असतील तर तुमचे हाल होतील.

आणि घरच्यांना सांगा, दोन्ही विद्यापीठांचे निकष पार केलेली पदवी अर्धी कशी होईल? मामांना मी हे तेव्हाच विचारलं होतं. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.