नारळावरची पांढरी माशी: आधी फवारणीवाल्याला थांबवा

ताई, तुमच्या सोसायटीतल्या नारळांच्या झावळ्यांच्या खाली पांढरी गोलगोल नक्षी, खालच्या झाडांवर काजळी (काळी बुरशी) आणि पार्किंगमधल्या गाड्यांवर चिकटा, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला फवारणीची तारीख दिलीय, असं तुम्ही लिहिलंय. ही चक्राकार पांढरी माशीच. मूळची मध्य अमेरिकेतली, भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा सापडली. हिच्यामुळे नारळ मरत नाही, तेव्हा कमिटीत कुणी झाड काढायचं म्हणालं तर अजिबात ऐकू नका.

पेस्ट कंट्रोलवाल्याला दिलेली तारीख मात्र आजच रद्द करा. आमच्या माहीमच्या सोसायटीने हीच चूक केली होती. जालीम औषध मारलं, पंधरा दिवस बरं वाटलं आणि दोन महिन्यांत माशी दुप्पट झाली. कारण औषधाने तिचा शत्रूही मेला. एन्कार्सिया नावाची गांधीलमाशीच्या कुळातली चिमुकली माशी असते, मिलिमीटरभरसुद्धा नाही. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालते आणि तिची अळी त्यांना आतून खाते. शिवाय त्याच झाडाचं शहाळं आपली मुलं पितात, हे विसरू नका.

नारळ पाडायला माणूस येईल तेव्हा खालची एक झावळी उतरवून घ्या आणि पातीची मागची बाजू भिंगातून बघा. पांढऱ्या माशीचे काळे पडलेले कोष दिसले, त्यांना बारीक गोल भोक असलं, तर एन्कार्सिया पोचलीय. (पांढरी माशी स्वतः बाहेर पडते तेव्हा इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते.) अशा झावळ्या जाळू नका, कचऱ्यातही देऊ नका, ज्या नारळावर काळे कोष नाहीत त्याच्या बुंध्याशी बांधून ठेवा, म्हणजे एन्कार्सिया तिथेही पोचेल.

बुटक्या झाडांवर पाइपने पानांच्या खालून जोरात पाणी मारा. फारच झालं तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी. काजळीसाठी लिटरला १० ग्रॅम स्टार्चची पातळ खळ फवारा. उन्हात वाळली की काजळीसकट पापुद्रे गळून पडतात. पिवळे चिकट सापळे बुंध्याला लावलेत तरी चालतील.

जोराच्या पावसात बरीचशी माशी धुऊन जाते. तोवर धीर धरा, आणि भिंगाखालच्या पातीचा फोटो इथे टाका, कोष कसले ते मी सांगते.