वाचक विचारतात: पाना फिरवला तरी बॉल उजवीकडेच

प्रश्न: सर, गोल्फसाठी सेकंडहँड अ‍ॅडजस्टेबल ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) घेतला, १०.५ डिग्री लॉफ्टचा, म्हणजे पुढच्या पृष्ठभागाच्या तिरकेपणाचा, सोबत सेटिंग बदलायचा पानाही मिळाला. मी उजव्या हाताने खेळतो आणि माझी स्लाइस, म्हणजे बॉल उजवीकडे वळत जाणं, जातच नाही. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) लॉफ्ट वाढवला, क्लबमधलं वजन हीलकडे (दांड्याजवळच्या बाजूला) सरकवलं, टी (बॉल ठेवायची खुंटी) पण उंच केली तर बॉल मस्त सरळ जायला लागला, पण पुढच्या वेळी गेलो तर पुन्हा उजवीकडे. नेमकं कोणतं सेटिंग ठेवू? आणि राउंडमध्ये होल बघून बदललं तर चालतं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: अहो भाऊ, तीन गोष्टी एकदम बदलल्यावर बॉल कशाने सरळ गेला हे कळणार कसं? आधी सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणा आणि मग एका वेळी एकच बदल करा.

त्याआधी फेसवर, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागावर, थोडी टाल्कम पावडर लावून मारा, बॉल कुठे लागतो त्याचा डाग दिसतो. डाग हीलकडे येत असेल तर स्लाइसचं बरंचसं कारण तिथेच आहे, पाना कितीही फिरवा. आधी बॉलपासून उभं राहायचं अंतर बघा.

डाग मधोमध असेल तर लॉफ्टकडे या. स्लीव्ह (दांडा क्लबच्या डोक्याला जोडणारा भाग) फिरवून लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर टेकवल्यावर फेस थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो, कमी केला की उघडतो, म्हणजे उजवीकडे. लांब जावा म्हणून लॉफ्ट कमी करणारे स्लाइसवाले बरेच भेटतात आणि मग बॉल अजूनच उजवीकडे पळतो, माझ्या मते तुमच्यासारख्याने लॉफ्ट वाढवलेलाच बरा. फक्त बॉलसमोर उभं राहून हाताने फेस परत सरळ केलात तर बंद झाल्याचा फायदा गेला, मग फक्त लॉफ्ट वाढतो. हीलकडचं वजन क्लबचं पुढचं टोक (टो) लवकर फिरायला मदत करतं, पण त्याचा नंबर यानंतर.

अंतर मोजत बसू नका. रेंजचे बॉल घासलेले असतात, त्यातले काही तर मुद्दाम कमी जाणारेच बनवलेले, शिवाय आपल्या नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गरम हवा पातळ असते आणि डिसेंबरच्या सकाळी थंड हवा दाट, मग कालचं अंतर आजच्याशी जुळणार कसं? बॉल कोणत्या दिशेला निघाला आणि किती वळला तेवढं बघा, आणि तेही प्रत्येक सेटिंगवर भरपूर बॉल मारून, कारण एखादा सरळ गेलेला बॉल तर सगळ्यांचाच असतो. रबरी टीची उंची मात्र सगळीकडे सारखी ठेवा, बॉलचा साधारण अर्धा भाग क्लबच्या वर दिसला पाहिजे.

राउंडचं म्हणाल तर नाही चालत. गोल्फच्या नियम ४.१ नुसार राउंड सुरू झाल्यावर मुद्दाम सेटिंग बदलता येत नाही आणि बदललेल्या क्लबने शॉट मारला तर थेट अपात्र. शॉट मारण्याआधी लक्षात आलं आणि परत जसं होतं तसं केलं तर दंड नाही. स्क्रू पान्याचा क्लिक येईपर्यंतच आवळायचा, त्यापुढे जोर लावला तर स्क्रूचे आटे खराब होतात.