वाचकांचे प्रश्न : मधुमेहातील जखम आणि ‘स्मार्ट’ हायड्रोजेल

प्रश्न : माझ्या वडिलांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी झालेली जखम चार महिने भरत नाही. दुखत नसल्यामुळे ते द्राक्षबागेत फिरतच असतात. जखमेतील साखर ओळखून स्वतःच औषध सोडणाऱ्या ‘स्मार्ट हायड्रोजेल’ची चित्रफीत मोबाइलवर पाहिली. हे ड्रेसिंग सांगली-मिरजेत मिळेल का? खर्चाची आमची तयारी आहे. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : औषधाच्या दुकानात जाऊन आणता येईल असे ते ड्रेसिंग अद्याप झालेले नाही, आणि मिळाले असते तरी वडील त्याच पायावर बागेत फिरत असताना त्याचा फारसा उपयोग झाला नसता. आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘दुखत नसल्यामुळे’ हे आहेत. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. निरोगी माणूस खडा टोचताच पाय उचलतो. आपले वडील मात्र उघड्या जखमेवर दिवसभर अंगाचा भार देतात आणि रात्रीतून आलेले कोवळे मांस दुसऱ्या दिवशी पावलागणिक चिरडले जाते.

चित्रफितीतले विज्ञान मात्र खोटे नाही. हायड्रोजेल म्हणजे स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. या जाळ्याच्या गाठी विशिष्ट परिस्थितीतच सैल होतील अशा बांधल्या, की ते ‘स्मार्ट’ होते. फेनिलबोरोनिक आम्लाने बांधलेल्या काही जाळ्यांत ग्लुकोज शिरले की गाठी सुटतात आणि आत साठवलेले औषध बाहेर पडते. दुसऱ्या प्रकारात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर वापरतात. ते जखमेतील ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. आम्लामुळे अल्कधर्मी बाजूला झुकलेली चिघळलेली जखम पुन्हा त्वचेच्या नैसर्गिक आम्लतेकडे येते, तर पेरॉक्साइड जंतूंना मारते. कल्पना सुरेख आहे, पण पेरॉक्साइड थोडे जास्त झाले तर तेच नव्या पेशींनाही जाळते, म्हणून सगळी कसरत मात्रेची आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात विद्युतवाहक हायड्रोजेलच्या पट्टीवर तापमान मोजणारे संवेदक बसवले होते आणि तीच पट्टी जखमेला सौम्य विद्युतप्रवाह देत होती. हे प्रयोग उंदरांवरचे होते. उंदराची कातडी सैल असते व तिच्याखालच्या स्नायूच्या थरामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाच्या तळव्यावरची जखम खालून मांस भरत वर यावी लागते. त्यामुळे उंदरातील यशावरून चार महिन्यांच्या, जंतू बसलेल्या, बधिर तळव्यावरील जखमेविषयी निष्कर्ष काढता येत नाही. चित्रफितींत एवढीच गोष्ट नेमकी सांगायची राहते.

खर्चाची तयारी असेल तर ती पुढील गोष्टींवर करावी. प्रथम पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. त्यासाठी घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचे गुणोत्तर काढतात. परंतु मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने ते फसवे येऊ शकते, तेव्हा पायाच्या बोटातील दाब मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. सोबत एक्स-रे काढून हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेला आहे का तेही पाहावे. हाड सडले असेल तर वरून कोणतेही जेल लावले तरी जखम पुन्हा फुटेल. त्यानंतर जखमेभोवतीचा घट्टा आणि मृत मांस शल्यचिकित्सकाकडून काढून घ्यावे, आणि रक्तपुरवठा पुरेसा असेल व संसर्ग नसेल तर पायाला घट्ट बसणारे प्लास्टर घालावे, ज्यामुळे भार तळव्यावर एका जागी न पडता पोटरीपर्यंत वाटला जातो. ही पद्धत कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांसाठी आपल्याच देशात वापरून पारखली गेली आणि वेल्लोर येथे काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांच्यामुळे जगभर पोहोचली. बागेतली देखरेख तेवढे दिवस दुसऱ्या कोणावर सोपवावी लागेल, आणि माझ्या अनुभवात घरच्यांना सर्वांत जड जाते ते हेच.

जखमेची लांबी-रुंदी दर आठवड्याला वहीत लिहून ठेवा. योग्य उपचार सुरू झाल्यावर ४ आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर सगळ्या तपासण्या पुन्हा करून उपचार बदलायला हवा.

प्रश्न : आईच्या जखमेसाठी डॉक्टरांनी साधे हायड्रोजेल दिले आहे. जखम कोरडी ठेवून खपली धरू द्यावी असे आम्ही ऐकत आलो. मग हे ओले औषध कसे चालते? (एक वाचक, कराड)

उत्तर : जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या जखमांवर दाखवून दिले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा लवकर येते, कारण खपलीखालून वाट काढण्यात पेशींचा वेळ जातो. कोरड्या किंवा पिवळसर चिकट थर बसलेल्या जखमेला हायड्रोजेल पाणी देते आणि मृत थर सैल करते. मात्र जखमेतून लस भरपूर वाहत असेल तर हेच जेल कडा पांढऱ्या व भिजट करते. तेथे लस शोषून घेणारे अल्जिनेट किंवा फोमचे ड्रेसिंग योग्य. रक्तपुरवठ्याअभावी काळे पडून वाळलेले बोट तर ओले करूच नये, ते कोरडे ठेवून तातडीने रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना दाखवावे. ताप, पसरती लाली किंवा दुर्गंधी असेल तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : हळदीच्या गावचे आम्ही, जखमेत हळद भरली तर काय बिघडते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हळदीतील कर्क्युमिन हायड्रोजेलमध्ये मिसळून त्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत, परंतु तेथे ते शुद्ध, मोजलेले आणि निर्जंतुक असते. डब्यातील पूड निर्जंतुक नसते, तिचे कण खोल जखमेत अडकतात, आणि पिवळ्या थराखाली पू आहे की नुसती लस हे तपासणाऱ्याला कळत नाही. आतापर्यंत हळद भरली असेल तर जखम सलाइनने धुऊन घ्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.