20 महिन्यांच्या मुलीला घरीच माँटेसरी पद्धतीने शिकवायचंय, कुठलं साहित्य घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 20 महिन्यांची आहे, तुम्ही दोघंही नोकरी करता, दिवसा घरी आजी असतात, आणि माँटेसरीचा सेट ऑनलाइन बघितला तर दहा-बारा हजारांच्या खाली काही दिसत नाही, तर घ्यावा का.

नका घेऊ. निदान आत्ता तरी नकोच. हे मी साडेसहा हजार घालवून सांगतोय. आमची कन्या दीड वर्षाची असताना मी मोठ्या हौसेने तो गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे ठोकळे, आणि बाकी दोन-चार गोष्टी मागवल्या. मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात लहान 1 सेंटीमीटरचा आणि सगळ्यात मोठा 10 सेंटीमीटरचा. बाईसाहेबांनी त्यांचे कांदे-बटाटे केले आणि भाजीवाली होऊन बसल्या, आणि तो 1 सेंटीमीटरवाला सरळ तोंडात गेला म्हणून मी घाईघाईने काढून कुठेतरी ठेवला तो आजतागायत सापडलेला नाही. हे साहित्य साधारण तीन वर्षांच्या पुढच्या मुलांचं आहे हे मला नंतर कळलं. तिचा खरा जीव अडकला होता स्वयंपाकघरातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये, डब्यांच्या झाकणांत.

मग मी देवघरातला एक छोटा गडू आणि दोन फुलपात्रं काढली. खाली मोठं ताट, शेजारी घडी केलेलं फडकं. गडूत पाणी किती, तर फक्त अर्धं फुलपात्रभर. हे महत्त्वाचं आहे, सगळं सांडलं तरी एका फडक्यात आवरलं पाहिजे, नाहीतर आपलाच पेशन्स संपतो आणि आपण ओरडतो. मी तिच्यासमोर एकदा ओतून दाखवलं, अगदी सावकाश आणि तोंडातून एक शब्द न काढता, कारण बोलायला लागलं की ती हाताकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघते. पहिल्या वेळी सगळं ताटात. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी तिने मान वाकडी करून डोळा पार फुलपात्राच्या काठापाशी नेला आणि दोन्ही हातांनी गडू तिरका केला, थोडं आत पडलं, थोडं बाहेर, "सांनलं" म्हणाली, फडकं घेतलं, पुसलं कमी आणि पसरवलं जास्त, आणि परत सुरू. बावीस मिनिटं चाललं हे, मी मोबाईलमध्ये बघितलं. एरवी कुठल्या खेळण्यापाशी ती दोन मिनिटं टिकत नव्हती.

मुलाची चूक त्या वस्तूनेच दाखवून द्यायची, मोठ्यांनी नाही, हा ही पद्धत काढणाऱ्या मारिया माँटेसरीबाईंचा अगदी मूळ विचार. पाणी सांडलं की दिसतंच की तिला, त्यात मी "अगं अगं, सांडलं बघ" म्हणायची काय गरज? पण ते न म्हणणं भयंकर अवघड आहे हो. मी अक्षरशः हात मागे बांधून बसायचो.

दुसरी अडचण आमची आई. "एवढ्याशा पोरीला कशाला कामाला जुंपतोस रे", हे रोज. तिला पद्धत-बिद्धत समजावत बसलो नाही, दुपारी मेथी निवडायला बसली की नातीपुढे चार काड्या टाक एवढंच सांगितलं. पानं खुडून पातेल्यात, काड्या पेपरवर. पहिला आठवडा सगळं उलटं व्हायचं, आई गुपचूप नीट करून घ्यायची. आता आई स्वतःच हाक मारते. तुमच्याकडेही आजी आहेत तर निम्मं काम झालंय असं समजा, पालेभाजी निवडणं, रुमालांच्या घड्या, कणकेचा गोळा मळणं, झाडांना पाणी, हे सगळं खऱ्या माँटेसरी शाळेत शिकवतात, आणि त्याला खेळ नाही, कामच म्हणतात.

एक धोक्याची गोष्ट. कडधान्यं वेगळी करायला देऊ नका. मी व्हिडिओ बघून राजमा आणि काबुली चणे एकत्र करून दिले होते, फोन घ्यायला उठलो तेवढ्यात एक चणा नाकात. डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला पण आधी मला झापलं, ओलाव्याने चणा आत फुगतो म्हणे. या वयाला वस्तू तिच्या मुठीएवढी हवी, लिंबू, मोजे, चमचे.

शब्द शिकवायचे तर त्याच्या तीन पायऱ्या असतात. आधी आपण सांगायचं, हा चमचा, ही वाटी. मग "चमचा दे बघू", "वाटी आजीला दे". शेवटी "हे काय?" आपल्याकडे पाहुणे आले की डायरेक्ट तिसरी पायरी, "सांग काकांना हे काय", आणि पोर गप्प. या वयात दुसऱ्याच पायरीवर कितीही दिवस राहिलात तरी चालतं. घासकागदाची, बोटाने गिरवायची अक्षरं, ग म भ न वगैरे आत्ता डोक्यातूनच काढून टाका.

आणि महागड्या साहित्याशिवाय ती माँटेसरी कसली असं कोणी म्हणालं तर 1907 साली रोममध्ये माँटेसरीबाईंची लहान मुलांची पहिली शाळा निघाली ती सॅन लॉरेन्झो नावाच्या गरीब कामगार वस्तीत, हे सांगा. आपल्याकडे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली ती शंख-शिंपले, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवर, आणि मुलं येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ही सगळी आपल्याच पालघर जिल्ह्यातली गोष्ट, आणि आपण सेट मागवतोय परदेशी फोटो बघून.

खर्चाचं म्हणाल तर आमच्याकडे पुढे एवढंच घेतलं, बाथरूममध्ये एक लाकडी पाट, तिच्या उंचीवर दोन हुक, आणि एक बुटकं रॅक ज्यावर एका वेळी पाच-सहाच गोष्टी ठेवतो, बाकीच्या माळ्यावर. नऊशेच्या आत झालं सगळं.

शाळेचं तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो. माँटेसरी या नावावर कोणाचीच मालकी नाही, कोणीही बोर्ड लावू शकतं. बघायला गेलात की तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात आहेत का ते बघा, आणि साहित्य मुलांच्या हाताला येईल असं खाली आहे का. आमच्या जवळच्या एका शाळेत ते सगळं काचेच्या कपाटात कुलपात होतं, वर्ग दाखवणाऱ्या मॅडमना किल्ली कुठे आहे तेच माहीत नव्हतं.