गर्द ओढणाऱ्या भावाला उचलून व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं का?

तुम्ही विचारलंय : भाऊ गर्द ओढतो, पुणे स्टेशनच्या आसपास पडून असतो, उपचाराला तयार नाही, जबरदस्तीनं भरती करू का?

ताई, नका करू. आम्ही केलं होतं.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षं तिथेच राहिला. काकांनी चार माणसं आणून त्याला रिक्षात कोंबलं आणि शहराबाहेरच्या एका खासगी केंद्रात सोडलं. टर्कीत, म्हणजे गर्द बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासात, औषध नाही, वर मार. 3 महिन्यांनी सुटला तो थेट अड्ड्यावर गेला. आम्ही दिसलो की पळायचा. काका अजून म्हणतात, "त्याला सुधारायचंच नव्हतं."

साफ खोटं. त्याला रोज सकाळी सुधारायचं असायचं. पण शेवटच्या झुरक्यानंतर 8-12 तासांत टर्की लागते, हाडं मोडल्यासारखी दुखतात, जुलाब, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. त्या वेळी पुडी हाताशी असते. दवाखान्यात आधी आधार कार्ड, मग 'सोबत कोण आहे?' आणि डोक्यात पोलिसांची भीती.

आई मात्र दर गुरुवारी डबा घेऊन जायची. व्यसनाचा विषय काढायची नाही. पायावरची चिघळलेली जखम धुऊन पट्टी बांधायची, बस. 8 महिन्यांनी तोच म्हणाला, "पाय दाखवायला येतो." त्याच संध्याकाळी नेला. डॉक्टरांनी आधी पाय बघितला, मग जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे टर्की आवरणारी गोळी, सुरू केली. पुढे दोनदा घसरला, तरी त्याच डॉक्टरांकडे परत गेला.

तुमच्या भावाची तयारीही अशीच तास-दोन तासांची येईल. त्याआधी चौकशी करून ठेवा. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय. पोलिसांना घाबरत असेल तर सांगा, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ मध्ये, थोडा माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट आहे.

एक राहिलं. गर्द जास्त होऊन श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारून उठत नाही, तर मर्जी विचारत बसू नका, 108 लावा. कोंडून ठेवलेल्या माणसाच्या शरीराची गर्द पचवायची सवय मोडते आणि बाहेर येऊन त्यानं जुन्याच मापानं घेतलं तर जीव जातो. आमचा वाचला. हे मी काकांना तोंडावर सांगितलं, तेव्हापासून ते आमच्याकडे येत नाहीत.